ध्यान शिकवायचा अधिकार कुणाचा?

चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी महाशिवरात्रीची जत्रा भरते. देवाच्या दारी इतकी माणसं जमत असताना अध्यात्माचा अधिकार जातीवरून ठरवण्याची सवय मात्र सुटत नाही.

महर्षी महेश योगींचंच पाहा. गुरू ब्रह्मानंद सरस्वती ज्योतिर्मठाचे शंकराचार्य; १९५३ मध्ये ते गेले. शिष्य कायस्थ, म्हणून गादीचा विचारच नव्हता. पुढे त्याच शिष्याने जगभर ध्यान पोहोचवलं, तरी 'यांना मंत्र देण्याचा हक्क काय?' हा वाद मिटला नाही. त्यांच्या पद्धतीची, संस्थेच्या शुल्काची चिकित्सा जरूर व्हावी. जन्माची कशाला?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी वेगळी वाट धरली. शाळा अर्धवट सुटलेली, हाती खंजिरी. चिमूरच्या १९४२ च्या लढ्यात तुरुंगवास भोगला. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत समोर मांडलेलं आसन रिकामं असतं. मूर्ती नाही, तसबीर नाही. सगळ्या जातींची माणसं एकाच रांगेत बसतात. रिकाम्या आसनावर जन्माने कुणाचा हक्क सांगता येत नाही; वारशाची एवढी स्वच्छ मांडणी क्वचितच सापडते.

या अंकात दोन्ही परंपरांवर लेख आहेत. मतभेद असतील तर आम्हाला सविस्तर लिहा.