हीटर सर्वांना दिसतो, फिल्टर कुणाला?

महाराष्ट्रातील विस्तार कार्यकर्त्यांना गाझियाबाद हे नाव अपरिचित नाही. तेथील राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राने २०१५ मध्ये आणलेले वेस्ट डिकंपोझर वीस रुपयांच्या बाटलीतून गावोगावी पोहोचले. याच शहराची दुसरी ओळख मात्र फारशी अभिमानास्पद नाही. आयक्यूएअर संस्थेच्या २०१९ च्या अहवालात जगातील सर्वाधिक प्रदूषित शहर म्हणून गाझियाबादची नोंद झाली. त्या वर्षी तेथील हवेत पीएम २.५ या सूक्ष्म कणांचे सरासरी प्रमाण घनमीटरमागे ११०.२ मायक्रोग्रॅम होते. भारताची वार्षिक मर्यादा ४० आहे. अशा हवेत, जानेवारीच्या कडाक्यात, पिलांच्या शेडमध्ये रॉकेलवरचा हीटर चालवायचा म्हटले, तर त्याचा फिल्टर किती दिवस टिकेल, हा प्रश्न सहज मनात येतो. तोच प्रश्न महाराष्ट्रातील कुक्कुटपालकांनी आणि रेशीम उत्पादकांनीही स्वतःला विचारावा, अशी आज स्थिती आहे.

गरम हवा फेकणाऱ्या या हीटरची रचना साधी आहे. एकच मोटर पंखाही फिरवते आणि हवेचा छोटा पंपही. पंपाची दाबलेली हवा नोझलमधून जाताना टाकीतील रॉकेल वर ओढते व त्याचे बारीक तुषार करते. ठिणगीने ते पेटतात. पंपात शिरणारी हवा स्पंजच्या फिल्टरमधून येते. पंपातून बाहेर पडणारी हवा दुसऱ्या फिल्टरमधून जाते आणि पंपातील कार्बनच्या पात्यांची झीज होऊन निघालेली भुकटी तेथे अडते. इंधनाच्या मार्गावर आणखी एक फिल्टर असतो. यांपैकी एकही तुंबला, की हवा आणि इंधन यांचा मेळ बिघडतो. ज्वलन अर्धवट होते, उग्र वास येतो, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. धुराडे नसलेल्या हीटरमध्ये हे सारे वायू गरम हवेबरोबर थेट शेडमध्येच येतात. ज्योत विझली तर यंत्र बंद करणारा प्रकाशसंवेदक त्यात असतो. परंतु विषारी वायू ओळखणे हे त्याचे काम नव्हे.

उत्पादकांच्या पुस्तिकांत साधारणतः पाचशे तास किंवा वर्षातून एकदा हवेचे फिल्टर बदलण्याची शिफारस आढळते. रोज रात्री दहा तास हीटर चालला, तर पाचशे तास पन्नास रात्रींत संपतात. म्हणजे हिवाळ्यातील रेशमाच्या दोन पिकांतच. त्यात शेडमधील हवा स्वच्छ नसते. कुक्कुटपालनात भुसा आणि पिसांचा कोंडा, तर रेशीम संगोपनगृहात कात टाकण्याच्या काळात धुरळलेला चुना आणि निर्जंतुक भुकटी हवेत तरंगत असते. प्रत्येक शेड आपल्यापुरते छोटे गाझियाबादच असते. म्हणून तेथे पुस्तिकेतील मुदतीची वाट पाहणे योग्य ठरत नाही.

येथे कीटकशास्त्रातील एक बाब लक्षात घेणे अगत्याचे आहे. कार्बन मोनॉक्साइड माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. कोंबडीच्या पिलांच्या रक्तातही हिमोग्लोबिन असते. त्यामुळे वायू वाढला की तीही मलूल होतात. रेशीम अळीचे तसे नाही. तिच्या शरीराच्या बाजूंना श्वसनरंध्रांच्या नऊ जोड्या असतात आणि श्वासनलिकांच्या जाळ्यातून प्राणवायू थेट पेशींपर्यंत पोहोचतो. त्याच्या वहनासाठी तिला हिमोग्लोबिन लागत नाही. परिणामी, माणसाला घातक ठरणाऱ्या हवेतही अळी पाला खात राहू शकते. धूर तिला मानवतो, असा याचा अर्थ नाही. काजळी आणि गंधकाचे वायू तिला बाधतातच. परंतु अळ्या ठीक दिसतात म्हणून हवा ठीक आहे, हा निष्कर्ष रात्री संगोपनगृहातच अंथरूण टाकणाऱ्या कुटुंबाच्या जिवावर बेतू शकतो. या अळीच्या श्वसनरंध्रांच्या तोंडाशीही धूळ अडवणारी केसाळ गाळणी असते. निसर्गाने ज्या गोष्टीची अळीसाठी तरतूद केली, तिच्याकडे यंत्राच्या बाबतीत मात्र दुर्लक्ष होते.

दोष केवळ शेतकऱ्याचा नाही. योजनांची भाषा उपकरण देण्याची असते, ते सांभाळण्याची नसते. प्रात्यक्षिकात हीटर सुरू करून दाखवला जातो. मागचे झाकण उघडून फिल्टर क्वचितच दाखवला जातो. वास्तविक हे काम अवघड नाही. हीटर बंद करून प्लग काढावा व यंत्र पूर्ण थंड होऊ द्यावे. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवूनच बसवावा, फाटला असल्यास बदलावा. पंपाच्या बाहेर जाणाऱ्या हवेचा फिल्टर धुऊ नये, नवाच घालावा. फिल्टरला तेल लावू नये. नंतर दाबमापकावर दाब तपासून तो यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. टाकीत स्वच्छ, पाणी नसलेले रॉकेलच भरावे. फिल्टर नवा असला तरी वायुवीजन हवेच. एक लाख बीटीयू क्षमतेमागे किमान तीन चौरस फूट उघडी जागा ठेवण्याचा दंडक आहे. हीटर सुरू असताना शेडमध्ये झोपू नये, आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजर तेथे असावा.

प्रत्येक शेडमध्ये पिकाची नोंदवही असतेच. तिच्यात हीटरचे तास आणि फिल्टर बदलल्याची तारीख असे दोन रकाने वाढवावेत, आणि भेटीला येणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याने कोषांच्या आकड्याआधी ते पाहावेत. पिकाची चौकशी सारेच करतात. पीक सांभाळणाऱ्याच्या श्वासाची चौकशी करण्याची सुरुवात या दोन रकान्यांतून होऊ शकते.