दात दुखला, प्लॉट गेला

मागच्या बैठकीत एका साथीनं विचारलं, "आपली लढाई जमिनीची. त्यात दात कुठून आणले?" पुष्कळांच्या मनात हेच आहे, म्हणून उत्तर सगळ्यांना देतो.

दाढ किडते. पहिलं काम, मशेरी दाबायची. जरा बधिर होतं, माणूस रोपणीला जातो. मग भगत, मग बाजारातला दात काढणारा. मग एका रात्री गाल सुजतो, ताप चढतो, तोंड उघडत नाही. घरात पैसा नाही. लावणीचे दिवस, भातसुद्धा संपलेलं. शहरातला खाजगी डॉक्टर आधी पैसे मोजायला सांगतो. बँक विचारते, सातबारा कुठाय? एकसाली प्लॉटचा सातबारा कुणाच्या बापानं पाहिलाय? मग राहतो तो सावकार. तो काही विचारत नाही. म्हणतो, "दोन पावसाळे तुझा प्लॉट मी करतो."

आपल्या भागात असं एका घरी नाही, कितीतरी घरी झालंय. नाव लिहीत नाही, त्यांना अजून त्याच दुकानातून मीठ-मिरची आणायची असते.

आता कायदा बघा. मालकीची जमीन असेल तर आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय जात नाही. गेलेली परत मिळवायला 1974 चा कायदा आहे. पण प्लॉट सरकारदप्तरी वनखात्याचा. तक्रार करायला गेलं तर साहेब म्हणतो, "जागा तुझी कुठाय?" गहाण तोंडी, बेकायदा, पण नांगर सावकाराचा चालतो. 31 मार्च 1978 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायची असं सरकारनं स्वतः 1978 साली ठरवलं होतं. उद्या पंचनाम्याला तलाठी आणि गार्ड येतील, तेव्हा शेतात सावकाराचा माणूस दिसला तर आपलं नाव लागणार कसं? एका दाढेपायी बापजाद्यांची कसवणूक कागदावरून पुसली जाते. दात जमिनीच्या लढाईत आम्ही नाही आणले. सावकारानं आणले.

सरकारचं काय? 1978 सालीच जगातल्या सरकारांनी अल्मा आटाला जाहीर केलं, 2000 सालापर्यंत सर्वांना आरोग्य. नियम असा की आदिवासी भागात 20,000 वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. त्या केंद्रात दाताच्या डॉक्टरची जागाच धरलेली नाही. म्हणजे सरकारच्या हिशोबात आदिवासीला हात आहेत, पाय आहेत, नसबंदीला पोटही आहे, फक्त दात नाहीत! वर भाषण ऐकवतात, आदिवासी दातवण करतो, त्याचे दात लोखंडाचे. अहो, करंजाची काडी तोडली तर गार्ड डोळे वटारतो. आणि आश्रमशाळेतल्या पोरांची तोंडं उघडून बघा एकदा, लोखंड दिसतं का ते.

बाजारातल्या दातवाल्यावर आमचा राग नाही, तोही पोटासाठीच बसतो. पण त्याचा चिमटा एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जातो, मध्ये उकळत नाही. त्यातून विषारी कावीळ होते, एड्सही होऊ शकतो. आणि तो हिरडीवर जो खोटा दात चिकटवून देतो, त्याच्याखाली हिरडी सडते. त्याच्याकडे जाऊ नका.

जायचं कुठं? जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात दातांचा विभाग असतो, तिथं दाढ काढतात. मुंबईला नायरचं दातांचं कॉलेज आणि सरकारी दंत महाविद्यालय आहे. तिथं शिकाऊ डॉक्टर काम करतात, मागे मास्तर उभे असतात. खर्च कमी, पण दिवस जातो, कधी दोन फेऱ्या पडतात, म्हणून एकट्यानं जाऊ नका. मात्र सूज जबड्याखाली उतरली, गिळता येईना, तोंड उघडेना, तर दाताचा डॉक्टर शोधत बसायचं नाही. त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. इंजेक्शन, गोळ्या तिथं सुरू झाल्याच पाहिजेत. हा पू मानेत उतरला की माणूस मरतो. सुजेवर बाहेरून शेक देऊ नका, गोळी चुरडून हिरडीवर ठेवू नका, कोमट मिठाच्या पाण्यानं खळखळून चुळा भरा. आणि मशेरी, बायांनो, तुम्हाला राग येईल तरी सांगतो, आज बधिर करते अन् पुढे गालात पांढरे चट्टे नि कॅन्सर आणते.

पण बसभाडं आपण भरायचं, रोहयोची मजुरी आपण बुडवायची आणि सरकारनं भाषण करायचं, हे किती दिवस? तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्याच्या बाजारच्या दिवशी दाताचा डॉक्टर बसलाच पाहिजे, उकळलेल्या हत्यारांसकट. दाढ फुकट काढून मिळाली पाहिजे. आश्रमशाळेत दर वर्षी दात तपासले पाहिजेत. आणि ज्या सावकारानं दुखण्यापायी प्लॉट धरलेत, त्याचा परवाना तपासा. 2014 च्या कायद्यानं बिनपरवाना सावकारी गुन्हा आहे.

ज्यांचा प्लॉट असा अडकलाय त्यांनी पाड्याच्या कार्यकर्त्याकडे नाव द्या: किती पैसे घेतले, कधी, कुणासमोर, आता नांगर कोण धरतो. दंडाच्या पावत्या जपून आणा. हे सगळं मोर्चाच्या अर्जाला जोडायचं आहे.