शिवाजीची शिडी

माणसाचे नाव बारशाच्या दिवशी ठरते. शहरातील रस्त्याला रीतसर ठराव करून नाव देतात. पण डोंगरातील पाऊलवाटेचे बारसे कोणी करीत नाही. तिच्यावरून जाणारी-येणारी माणसेच तिला एखाद्या नावाने ओळखू लागतात. ते नाव एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी जाते आणि शेवटी वाटेला कायमचे चिकटते. असे टोपणनाव आपल्याला काही तरी सांगत असते. ते जे सांगते, ते सारेच खरे मानावे काय? की ती केवळ एक दंतकथा समजून सोडून द्यावी? माझ्या मते हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. माथेरानच्या एका वाटेकडे पाहिले म्हणजे मी असे का म्हणतो, ते तुमच्या ध्यानी येईल.

माथेरान हे रायगड जिल्ह्यातील थंड हवेचे ठिकाण. समुद्रसपाटीपासून ते सुमारे ८०० मीटर उंच आहे. प्रवाशांच्या मोटारी दस्तुरी नाक्याशीच थांबतात. तेथून पुढे तांबड्या मातीच्या, झाडांच्या सावलीतल्या वाटा सुरू होतात. डोंगराचा माथा जेथे जेथे कड्याशी संपतो, तेथील टोकाला 'पॉइंट' म्हणण्याचा प्रघात आहे. चौक गावाच्या बाजूला असेच एक टोक आहे. त्याच्या माथ्यावरील एकुलत्या एका झाडामुळे इंग्रजांनी त्याला 'वन ट्री हिल' म्हटले. हे टोक आणि मुख्य डोंगर यांच्यामध्ये एक अरुंद घळ आहे. त्या घळीतून एक पाऊलवाट खाली आंबेवाडीकडे उतरते. खालच्या खोऱ्यात आज मोरबे धरणाचे पाणी चमकताना दिसते. ही वाट म्हणजेच 'शिवाजीची शिडी'. माथेरानला येणारे बरेच प्रवासी तिला 'शिवाजी लॅडर' असेही म्हणतात.

या नावात दोन शब्द आहेत. दोहोंची परीक्षा वेगवेगळी केली पाहिजे. प्रथम 'शिडी' हा शब्द घेऊ.

घळीत खरी शिडी टेकून ठेवलेली नाही. पण वाट इतकी उभी आहे की, चढणाऱ्याला वरच्या दगडाला हात घालावा लागतो, पाय ठेवायला पुढचा दगड शोधावा लागतो आणि श्वास घेण्यासाठी मधूनमधून थांबावे लागते. ही चढण किती कठीण आहे, हे समजून घ्यायचे असेल तर माथेरानच्या छोट्या आगगाडीची आठवण करावी. नेरळहून निघणारी ही गाडी २२ मार्च १९०७ रोजी सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या खटपटीने हा लोहमार्ग तयार झाला. डोंगराचा माथा गाठण्यासाठी या गाडीला वळणामागून वळण घेत सुमारे वीस किलोमीटर जावे लागते. कारण आगगाडीला एकदम उभा चढ चढता येत नाही. घळीतील वाट मात्र असले वळसे घेत नाही. ती सरळ वर निघते. मग तिला शिडी म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे?

येथे एक मोठी मौजेची गोष्ट आहे. सह्याद्रीचा हा भाग काळ्या खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हारस पुन्हा पुन्हा बाहेर आला. त्याचे थर एकावर एक साचले आणि थंड होऊन त्यांचा खडक बनला. पुढे ऊन, वारा आणि पाऊस यांनी तो झिजू लागला. जे थर कठीण होते, ते कड्यांच्या रूपाने उभे राहिले. जे मऊ होते, त्यांचे उतार झाले. त्यामुळे आपले डोंगर दुरून पाहिले, तर पायऱ्या पायऱ्यांचे दिसतात. भूगर्भशास्त्रज्ञांनी या खडकांना 'दख्खनचा ट्रॅप' असे नाव दिले. 'ट्रॅप' हा शब्द एका स्वीडिश शब्दावरून आला असून त्या शब्दाचा अर्थ आहे जिना! म्हणजे दूरदेशीच्या पंडितांनी अशा खडकाला जिना म्हटले आणि आपल्या डोंगरातील लोकांनी वाटेला शिडी म्हटले. पहिले नाव डोळ्यांनी पाहून पडले. दुसरे पायांनी चालून पडले. त्या लोकांनी भूगर्भशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते. तरी त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. 'शिडी' हा शब्द खरा आहे आणि ज्याला शंका असेल, त्याने ती वाट एकदा चढून पाहावी.

लोकांनी दिलेली टोपणनावे बहुधा अशीच अनुभवातून येतात. हिमालयातील थंड हवेच्या ठिकाणीही हेच दिसते. नैनितालच्या तळ्याच्या काठाने पायी जाणाऱ्यांची एक वाट आहे. डोंगराच्या सावलीमुळे तिच्यावर ऊन कमी पडते. म्हणून तिचे नाव 'ठंडी सडक' पडले. मसुरीला फिरायला जाण्याच्या एका प्रसिद्ध रस्त्याचे नाव उंटाच्या पाठीवरून पडले आहे, कारण तेथील एका खडकाचा आकार उंटाच्या पाठीसारखा दिसतो. कोणा साहेबाचे नाव एखाद्या वाटेला दिले, तर तो साहेब कोण होता, हे पुढे कोणाच्या ध्यानातही राहात नाही. परंतु 'ठंडी सडक' हे नाव ऐकताच अंगाला गारवा जाणवतो.

आता दुसरा शब्द घेऊ. शिवाजी महाराज शिकारीसाठी या वाटेने माथेरानवर चढत असत, असे लोक सांगतात. महाराजांचा या मुलखाशी संबंध होता, यात मुळीच शंका नाही. १६५७ साली कल्याण आणि भिवंडी स्वराज्यात आली. माथेरानसमोर दिसणारा प्रबळगडही त्यांच्या राज्यात होता. येथून फार दूर नसलेल्या उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी त्यांनी कारतलबखानाच्या फौजेला कोंडीत पकडले. रानातील वाटा आणि घाटातील चोरवाटा यांचे त्यांना किती बारकाईने ज्ञान होते, हे त्या लढाईवरून दिसते. परंतु या सर्व गोष्टींवरून ते या घळीतूनच चढत होते, असे सिद्ध होत नाही. माथेरानच्या माथ्यावर त्यांचा किल्ला नाही. शिकारीची गोष्ट ही लोककथा आहे. इतिहासातील पुरावा नव्हे. महाराज या भागात वावरले हा इतिहास झाला. ते या दगडांवर पाय देऊन वर गेले ही कथा झाली. या दोहोंतील फरक तुम्ही आताच ओळखायला शिकले पाहिजे.

मग या नावातील पहिला शब्द खोडून टाकावा काय? मुळीच नाही. तो शब्दही काही खरे सांगतो. फक्त ते खरे वेगळ्या प्रकारचे आहे. या लोकांना एखादी अवघड, धाडसाची वाट दिसली म्हणजे ती चढून जाणारा म्हणून कोणाची आठवण होते, हे तो शब्द आपल्याला सांगतो. बघा, नाव 'शिवाजीची शिडी' असे आहे. एरवी आपण आदराने 'महाराज' म्हणतो. येथे मात्र एकेरी नाव आहे. यात अनादर नाही. आपण आईला एकेरी हाक मारतो, देवालाही एकेरी आळवतो. जेथे जिव्हाळा अधिक असतो, तेथे मराठी माणूस असाच बोलतो. म्हणून हा शब्द महाराजांच्या पायवाटेची नोंद नसला, तरी लोकांच्या प्रेमाची नोंद निश्चित आहे. प्रेमाला प्रेम म्हणावे, पुरावा म्हणू नये. महाराजांचे मोठेपण स्वराज्याच्या खऱ्या इतिहासात भरपूर आहे. त्याला खोट्या आधाराची गरज नाही.

या दोन शब्दांपलीकडे आणखी एक गोष्ट आहे आणि ती तर या नावात आलेलीच नाही. ही वाट घडविली कोणी?

माथेरानचा शोध १८५० सालच्या मे महिन्यात ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टराने लावला, असे सांगण्यात येते. चौकला त्याचा मुक्काम होता. चौकच्या पाटलांना बरोबर घेऊन तो वन ट्री हिलच्या बाजूने माथ्यावर गेला आणि रामबागेच्या बाजूने खाली उतरला. त्याला येथील हवा आवडली. त्याने पुढे येथे घर बांधले. त्यानंतर मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले आणि माथेरानची भरभराट झाली. हे सारे ठीकच आहे. परंतु जे सापडले, ते हरवलेले होते कोठे? डोंगराच्या कुशीत ठाकूर, कातकरी आणि धनगर हे लोक त्यापूर्वीच राहात होते. गुरे चारण्यासाठी, लाकूडफाटा आणि रानमेवा गोळा करण्यासाठी ते डोंगर चढत-उतरत होते. कलेक्टराला गावच्या पाटलांची सोबत घ्यावी लागली, यातच सारे आले. वाट माहीत असणारी माणसे अगोदरच तेथे होती.

पुढे माथेरानच्या अनेक टोकांना आणि तळ्याला इंग्रजी नावे मिळाली. लुइझा, शार्लट, अलेक्झांडर ही नावे आजही तेथील पाट्यांवर आहेत. रानातील वाटा ज्यांच्या अनवाणी पायांनी मळल्या, त्यांच्यापैकी एकाचेही नाव अशा कोणत्या वाटेला मिळालेले आपण ऐकत नाही. साहेबाचे नाव राहिले, राजाचे नाव राहिले. मात्र रोज चालणाऱ्याचे नाव राहिले नाही. आणि आजही पायथ्याच्या वाड्यांतील माणसे कामासाठी, बाजारासाठी याच डोंगरवाटा चढतात. आपण सुटीच्या दिवशी पाठीवर पिशवी अडकवून अशी वाट चढलो, तर घरी येऊन पराक्रम केल्यासारखे सांगतो. पण डोक्यावर ओझे घेऊन ती चढणाऱ्या बाईला त्यात पराक्रम वाटत नाही. ती तिची भाकरी आहे. सह्याद्रीच्या कित्येक वाड्यांतून आजारी माणसाला आजही झोळीत घालून खाली आणावे लागते. आपल्याला जी शिडी गमतीची वाटते, ती त्यांच्यासाठी नाइलाजाची असते.

यावर कोणी म्हणेल, "एका पाऊलवाटेच्या नावाचा एवढा काथ्याकूट कशाला? नाव छान आहे, ते घ्यावे आणि पुढे चालू लागावे." मला हे म्हणणे पटत नाही. नाव लहान असले, तरी त्याच्यामागे उभी असलेली माणसे लहान नसतात. जो न विचारता प्रत्येक कथेला इतिहास मानतो, त्याला उद्या कोणीही फसवू शकेल. जो प्रत्येक कथेला थापा म्हणून हसतो, त्याला आपल्याच लोकांचे मन कधी कळणार नाही. आणि जो पाटीवरचे नाव वाचून थांबतो, त्याला पाटी नसलेली माणसे दिसतच नाहीत. या तीनही दोषांपासून आपण दूर राहिले पाहिजे.

तुमच्याही गावात अशी एखादी वाट असेल, ओढा असेल, पार किंवा टेकडी असेल. तिला सर्वजण एखाद्या विचित्र नावाने ओळखत असतील. ते नाव कसे पडले, हे आजी-आजोबांना विचारा. शेजारच्या वाडीतील म्हाताऱ्या माणसांनाही विचारा. कारण एकाच नावाच्या दोन-तीन कथा निघण्याचा संभव असतो. त्या सर्व वहीत लिहून ठेवा. मग प्रत्येक कथेपुढे तीन प्रश्न मांडा. यातील काय आपल्या डोळ्यांनी पाहता येते? काय लोकांनी प्रेमाने किंवा भीतीने जोडले आहे? आणि ज्यांच्या श्रमाने ही जागा घडली, ते लोक या कथेत आहेत काय?

शिवाजीच्या शिडीचे नाव शिवाजीची शिडीच राहावे. ते सुंदर आहे आणि लोकांनी स्वतः दिलेले आहे. फक्त तिच्यावरून चढताना एवढे ध्यानात असावे की, शिडी हे त्या डोंगराचे सत्य आहे, शिवाजी हे त्या लोकांच्या अंतःकरणाचे सत्य आहे. आणि समोरून ओझे घेऊन कोणी येत असेल, तर बाजूला होऊन त्याला आधी वाट द्यावी. त्या वाटेवर पहिला हक्क त्याचा आहे.