औषध नवे हवेच, पण हातही धुवा!

एखादे प्रतिजैविक निष्प्रभ ठरले की आपण लगेच विचारतो, "याहून जालीम औषध कधी निघणार?" माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे.

पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंवर उपाय म्हणून १९५९ मध्ये मेथिसिलिन आले. १९६१ मध्ये त्यालाही न जुमानणारे जिवाणू इंग्लंडमध्ये आढळले! असे का व्हावे? अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात. एकापासून सुरुवात करून आठ तासांचा, म्हणजे २४ दुपटींचा, हिशेब करा. उत्तर येईल १,६७,७७,२१६. एवढ्यांत एखादा जरी औषधाला पुरून उरणारा निघाला, तरी औषध इतरांना मारते आणि त्याला रान मोकळे होते.

पण रुग्णालयात तो एका खाटेवरून दुसरीकडे जातो कसा? त्याला पंख नाहीत. पुष्कळदा तो आपल्याच हातांवरून जातो. साबणाने त्वचेवरील तेलकट थर सुटतो आणि त्यात अडकलेले जिवाणू पाण्याच्या धारेबरोबर वाहून जातात. औषध पचवायला शिकलेला जिवाणूही या धारेपुढे टिकत नाही.

इंग्लंडमध्ये २००३-०४ या वर्षात मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या या जिवाणूंचा रक्तात संसर्ग झाल्याच्या सुमारे ७,७०० नोंदी झाल्या. २००४ पासून तेथे हातांच्या स्वच्छतेची मोहीम निघाली, खाटांजवळ अल्कोहोलयुक्त द्रावण ठेवले गेले, शिरेत घातलेल्या नळ्यांची निगा काटेकोर झाली. २०१०-११ मध्ये हा आकडा सुमारे १,५०० वर आला. सारे श्रेय हात धुण्याचे नव्हे. पण संसर्गाची वाट अडवता येते, हे यावरून दिसते.

कोणी म्हणेल, "नळालाच पाणी नसेल तर परिचारिकांनी करायचे काय?" आक्षेप रास्त आहे. म्हणूनच माझा आग्रह आहे की, प्रत्येक कक्षातील पाणी आणि साबण यांचा खर्च औषधोपचाराचाच भाग मानावा.

आणि आपण? आजाऱ्याला भेटायला जाणे ही आपल्याकडची जिव्हाळ्याची रीत. ती जरूर पाळा; मात्र त्याच्या खाटेवर बसू नका. आत जाताना आणि बाहेर पडताना साबणाने हात धुवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे त्याला ४० ते ६० सेकंद लागतात. शिक्षकांनी वर्गात एकदा घड्याळ लावून हे करून घ्यावे. आपण एरवी किती घाईने हात धुतो, ते मुलांच्या लगेच ध्यानात येईल.