यंत्राआधी शिस्त

काडतूस भरण्याचे पहिले यंत्र कोणते घ्यावे, असा प्रश्न नांदेड-लातूरच्या एखाद्या होतकरू नेमबाजाला पडला, तर त्याचे परदेशी उत्तर तयार आहे. उडालेल्या काडतुसाची पुंगळी पूर्ववत करून तीत नवी टोपी, मोजलेली दारू व गोळी बसविणे, हे या यंत्राचे कार्य. काही यंत्रे दांड्याच्या एका ओढीसरशी अनेक कामे उरकतात. साधे यंत्र एका वेळी एकच काम करते. जाणकार नवशिक्याला हे साधे यंत्रच सुचवितात. दारूचे माप चुकल्यास बंदुकीची नळी फुटू शकते, आणि प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे तपासता आला, तरच चूक वेळीच ध्यानात येते.

हा सल्ला शहाणपणाचा असला, तरी भारतात तो जसाच्या तसा उपयोगी नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि दारूगोळा बनविण्याची यंत्रेही अंतर्भूत आहेत. म्हणजे नवशिक्या ज्याला निरुपद्रवी अवजार समजतो, ते कायद्याच्या दृष्टीने दारूगोळाच होय. परवान्याविना शस्त्र वा दारूगोळा निर्माण करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांचा कारावास आहे. छंदापायी एखाद्या विद्यार्थ्याचे आयुष्य उद्ध्वस्त होण्यास एवढे अज्ञान पुरेसे आहे.

शिवाय नवशिक्याला या यंत्राची गरजच नसते. त्याचा आरंभ हवेच्या रायफलीने होतो. तिच्या छर्ऱ्याला दारू लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या प्रकारातील पॉइंट टू-टू काडतुसाचे स्फोटक द्रव्य बुडाच्या कडेतच भरलेले असते आणि आघाताने ती कड चेपली जाते. अशी पुंगळी या यंत्रावर पुन्हा भरता येत नाही.

काडतुसे महाग असल्याने नेमबाजी श्रीमंतांचाच खेळ राहतो, हा आक्षेप मात्र खोटा नाही. परंतु त्यावरचा उपाय घरोघरी दारूगोळ्याचे कारखाने काढणे हा नव्हे. याच अधिनियमाने पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय ठेवली आहे. रानडुकरांनी शेत उद्ध्वस्त होणाऱ्या शेतकऱ्याने प्रत्येक बार स्वहस्ते भरावा, याला कायद्याची हरकत नाही. कायद्याचा रोष कौशल्यावर नसून, हेतू व उत्तरदायित्व यांच्या अभावावर आहे.

मात्र जो कायदा इतका कठोर आहे, तो राबविणाऱ्या शासनावरही कर्तव्य येते. जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित नेमबाजी केंद्र, प्रशिक्षक आणि माफक दरात काडतुसे उपलब्ध करून देणे, तसेच परवान्याच्या अर्जांचा निकाल वेळेत लावणे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

गुरू गोविंदसिंहांची शस्त्रे जेथे भक्तिभावाने जपली जातात, त्या नांदेडला शस्त्राची मर्यादा निराळी शिकविण्याची गरज नाही. एका वेळी एकच पायरी, हा साध्या यंत्राचा धडा यंत्र न घेताही गिरविता येतो. आधी हवेची रायफल, मग मान्यताप्राप्त केंद्र, त्यानंतर परवाना. या पायऱ्या चढण्याचा धीर ज्याच्यापाशी नाही, त्याच्या हाती काडतूस भरण्याचे कोणतेच यंत्र सुरक्षित नाही.