जंतू प्यायलेले दोन डॉक्टर आणि माहीमचे गोड पाणी

वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात 'अजब' किंवा 'नवल' अशा नावाची एक चौकट असते. घरातली शाळकरी पोरे पेपर हातात आला की आधी तीच वाचतात. मोठी माणसे अग्रलेख वाचल्याचे सांगतात आणि वाचतात मात्र तीच चौकट. आता ही चौकट मोबाइलमध्ये आली आहे, आणि सकाळी चहा उकळेपर्यंत वस्तीतल्या चार ग्रुपवर फिरूनही आलेली असते. कुणी काय गिळले, कुठे दगडातून पाणी आले, कोणत्या डॉक्टरने स्वतःवरच प्रयोग केला. आपण हसतो, 'बापरे' म्हणतो आणि पुढे पाठवतो.

वाचक बंधू-भगिनींनो, आरोग्याच्या या पानावर आज त्याच चौकटीबद्दल लिहायचे आहे. त्यातल्या काही बातम्या आपल्याला थेट दवाखान्यात नेऊ शकतात, तर काही पहिल्या पानावरच्या पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा जास्त कामाच्या असतात. दोन्ही एकाच चौकटीत, एकाच आकाराच्या अक्षरात छापलेल्या असतात, त्यामुळे गोंधळ होतो.

आधी घरचे उदाहरण घेऊ. १८ ऑगस्ट २००६ची संध्याकाळ. माहीमच्या खाडीजवळ समुद्राचे पाणी गोड झाले अशी हाळी उठली. बघता बघता हजारोंची गर्दी झाली. लोक ओंजळीने पाणी पीत होते, लेकरांच्या तोंडाला लावत होते, बाटल्या भरून आजारी माणसासाठी घरी नेत होते. कुणी ही माहीमच्या बाबांची कृपा म्हणाले, कुणी आणखी काही. मिठी नदी जिथे समुद्राला मिळते ती ही जागा. मुंबईच्या मैल्याचे आणि कारखान्यांच्या घाणीचे पाणी तिथेच येते. प्लास्टिकच्या पिशव्या आणि कचरा वाहत होता आणि त्याच्याच बाजूला माणसे पाणी पीत होती. प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणि पालिकेने 'पिऊ नका' म्हणून सांगितले, गॅस्ट्रोची साथ येईल या धास्तीने यंत्रणा कामाला लागली. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा खारट लागू लागले.

पवईच्या आयआयटीतल्या भूगर्भतज्ज्ञांनी त्या वेळी जे कारण सांगितले, ते तसे साधे होते. भर पावसाळा. जमिनीखाली खडकांच्या भेगांत साठलेले गोडे पाणी मोठ्या प्रमाणात समुद्रात आले असावे. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून ते काही काळ वर तरंगते, आणि वरची ओंजळ कमी खारट लागते. म्हणजे पाणी कमी खारट झाले ही गोष्ट खरी असू शकते. लोक खोटे बोलत नव्हते. पण खारट नसणे आणि स्वच्छ असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या गर्दीत कोणी कोणाला सांगितले नाही. जिभेला मीठ कळते, जंतू कळत नाही. बातमी जीभ देत होती आणि ओळखायचा होता जंतू.

याच आठवड्यात मूर्ती दूध पितात ही बातमीही पुन्हा फिरली. २१ सप्टेंबर १९९५ रोजी ती पहिल्यांदा देशभर पसरली होती. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवले की चमच्याच्या कडेला लागलेले दूध पृष्ठताणामुळे ओढले जाते आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळते. पांढऱ्या दगडावर पांढरे दूध दिसत नाही, रंगीत दूध दिसते. चमचाभर रंगाने विषय मिटला. त्या दिवशी गटारात गेलेल्या दुधाबद्दल मी इथे लिहीत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता दुसऱ्या जातीची बातमी. एका डॉक्टरने पोटदुखीचे कारण शोधण्यासाठी जंतूंनी भरलेला पेला पिऊन टाकला. दर दोन-चार वर्षांनी ही गोष्ट मसाला लावून पुन्हा छापली जाते. ती खरी आहे, आणि मसाल्याशिवाय जास्त चांगली आहे.

ऑस्ट्रेलियातले पर्थ शहर. तिथल्या रुग्णालयात रॉबिन वॉरन नावाचे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली जठराचे तुकडे तपासत. १९७९ पासून त्यांना सुजलेल्या जठराच्या तुकड्यांत एक वळणदार जंतू पुन्हा पुन्हा दिसू लागला. जठरात इतके आम्ल असते की तिथे जंतू जगूच शकत नाही, असे तेव्हा पुस्तकात लिहिलेले होते. सहकारी म्हणत, काहीतरी घाण पडली असेल. बॅरी मार्शल नावाचा तरुण डॉक्टर मात्र त्यांच्यासोबत कामाला लागला. जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा होता, पण काचेच्या ताटलीत काही उगवेना. ताटल्या दोन दिवसांनी फेकून द्यायची पद्धत होती. १९८२ च्या ईस्टरला सुट्टी लांबली, एक ताटली तशीच राहून गेली, आणि सुट्टीनंतर पाहतात तर जंतू वाढलेला. त्याला दोनपेक्षा जास्त दिवस लागत होते, एवढेच. आज त्याला हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. तो आम्लात कसा जगतो तेही पुढे कळले. तो स्वतःभोवती अमोनिया तयार करतो आणि तेवढ्यापुरते आम्ल मारतो.

पण मोठे डॉक्टर ऐकायला तयार नव्हते. १९८३ मध्ये मार्शलने परिषदेत मांडायला पाठवलेला निबंध तिथल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेने नाकारला. डुकराच्या पिलांवर प्रयोग करून पाहिला, तो फसला. शेवटी १९८४ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, त्याने स्वतःवर प्रयोग केला. आधी दुर्बीण घालून स्वतःचे जठर तपासून घेतले, ते निरोगी असल्याची नोंद झाली. मग एका रुग्णाच्या जठरातून वाढवलेले जंतू पाण्यासारखे पिऊन टाकले. काही दिवसांत मळमळ, सकाळी उलट्या, तोंडाला इतकी दुर्गंधी की घरच्यांनी बोलून दाखवले. पुन्हा दुर्बीण घातली, तर जठराला सूज आणि तिथे तोच जंतू. मग प्रतिजैविके घेऊन तो बरा झाला. त्याला अल्सर झाला असे बातम्यांत छापून येते, ते बरोबर नाही. त्याला जठराची सूज आली. अल्सरचा जंतूशी असलेला संबंध पक्का व्हायला पुढे अनेक रुग्णांवर वर्षानुवर्षे अभ्यास झाले. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल या दोघांना नोबेल मिळाले.

आता यात आपल्या कामाचे काय? माझे मत स्पष्ट सांगते. या बातमीत पेला सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. महत्त्वाचे हे की त्याआधी कित्येक वर्षे अल्सरच्या रुग्णाला सांगितले जात होते, 'तुम्ही फार चिडता, टेन्शन घेता, तिखट खाता, म्हणून पोट जळते.' म्हणजे दुखणे तुझे आणि दोषही तुझाच. लोकांची अर्धी जठरे कापून काढली जात. आम्ल दाबणारी रॅनिटिडीनसारखी गोळी जगात सगळ्यात जास्त खपणाऱ्या औषधांत गेली, कारण ती थांबवली की दुखणे परत येई आणि माणूस पुन्हा दुकानात जाई. आणि कारण होते एक जंतू, जो दोन आठवड्यांच्या औषधाने बहुतेकांच्या पोटातून निघून जातो.

आपल्या वस्त्यांत आजही तीच जुनी भाषा चालते. बिगारी काम करणारा माणूस पोट धरून बसला की त्याला 'वेळेवर जेवत जा' म्हणतात. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला 'डोक्याला ताप करून घेऊ नका' असा सल्ला मिळतो. ठेचा-भाकरी खाणाऱ्याला तर कोणीही उठून शहाणपण शिकवते. तिखटाने जळजळ वाढू शकते हे खरे, पण तिखटाने अल्सर होत नाही. हा जंतू बहुधा लहानपणीच शरीरात शिरतो, आणि जिथे एका खोलीत सात-आठ माणसे झोपतात, पाणी साठवून ठेवावे लागते, संडास सामायिक असतो, तिथे तो जास्त पसरतो. कमी जागा आणि खराब पाणी हा काही आपला स्वभाव नव्हे. ज्याच्या दुखण्याचे कारण नळात आणि गटारात आहे, त्याला 'शांत राहा' सांगून घरी पाठवणे मला अन्यायाचे वाटते.

जंतू पिणारा मार्शल पहिला नव्हता. जर्मनीत म्युनिक शहरात माक्स फॉन पेटेनकोफर नावाचे थोर डॉक्टर होते. शहर स्वच्छ राहावे, पाणी चांगले यावे म्हणून त्यांनी आयुष्यभर काम केले. पण नुसत्या जंतूने पटकी होते हे त्यांना मान्य नव्हते. रॉबर्ट कॉख यांचे म्हणणे खोडून काढायला १८९२ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी पटकीचे जंतू पिऊन दाखवले. आम्लाने जंतू मेले असे कोणी म्हणू नये म्हणून सोबत सोडाही घेतला. थोडे जुलाब झाले, आणि त्यांनी जाहीर केले की बघा, मला पटकी झाली नाही.

धाडस दोघांचे सारखेच होते. तरी एक बरोबर निघाला आणि दुसरा चुकला. शरीरात जंतू गेला तर प्रत्येकाला सारखाच आजार होत नाही, कुणाला थोडक्यात सुटका मिळते. एक माणूस वाचला म्हणून जंतू निर्दोष ठरत नाही. आपल्याकडे 'आमचा आजा ऐंशी वर्षे विडी ओढत होता, काही झाले नाही' असे म्हणणारे पेटेनकोफरच्याच वाटेने जात असतात. त्याच १८९२ साली हँबर्ग शहरात पटकीने ८ हजारांहून जास्त माणसे मेली. हँबर्गला एल्बे नदीचे पाणी न गाळता जात होते. खेटून असलेल्या आल्टोना गावात त्याच नदीचे पाणी वाळूतून गाळून सोडत. तिथे साथ फारशी पसरलीच नाही. रस्त्याच्या एका बाजूला हँबर्गचा नळ, तिथे पटकी. दुसऱ्या बाजूला आल्टोनाचा नळ, तिथे जवळजवळ काही नाही. ही बातमी कोणत्याही अजब चौकटीत मी वाचलेली नाही. पेला पिणारा म्हातारा छापला जातो, वाळूची टाकी छापली जात नाही.

म्हणून अशी बातमी आली की मी एवढेच बघते: आधी काय होते आणि नंतर काय झाले, हे कोणी तपासले का? मार्शलने आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासले. माहीमला पाणी पिणाऱ्या गर्दीने तपासणीची वाट पाहिली नाही, सगळे बाटल्या घेऊन घरी गेले. आणि दुसऱ्या कोणी तोच प्रयोग करून पाहिला का? पुढे पाठवण्याआधी एवढे विचारायला शाळेची मोठी इयत्ता लागत नाही.

राहिले आपल्या पोटाचे. अ‍ॅसिडिटीची गोळी मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने खाणारी माणसे प्रत्येक गल्लीत आहेत. प्रत्येक जळजळ या जंतूमुळे नसते, आणि ज्यांच्या पोटात तो असतो त्यातल्या बहुतेकांना कधी अल्सर होतही नाही. पण त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टरांना सरळ विचारावे: एच. पायलोरीची तपासणी करायची का? ती श्वासावरून होते, शौचाच्या नमुन्यावरून होते, गरज पडली तर दुर्बिणीतून होते. अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर ते आधी सांगावे. श्वासाच्या आणि शौचाच्या तपासणीआधी ती साधारण दोन आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही तपासणीत 'नाही' येऊ शकते. जंतू निघाला तर दोन किंवा अधिक प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारी गोळी मिळते, बहुतेक वेळा १४ दिवसांची. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या शेजारणीला देऊ नयेत. अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतो आणि पुढच्या वेळी त्याच गोळ्यांना दाद देत नाही.

अल्सरचे दुसरे मोठे कारण आपल्या पिशवीतच असते. अंगदुखीच्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारख्या. ओझे उचलणारी माणसे त्या रोज उपाशीपोटी घेतात. अंग दुखते हे खरेच आहे, पण रोज लागत असतील तर डॉक्टरांना दाखवूनच घ्याव्यात. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर ती स्वतःहून बंद करू नये. आणि शौचाला डांबरासारखे काळे होत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही पडत असेल, तर दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात जावे. विनाकारण वजन उतरत असेल किंवा घास अडकत असेल, तर त्याच आठवड्यात दुर्बिणीची तपासणी मागावी.