सज्जतेच्या नावाखाली

३० मे २०१६ ची रात्र उलटली आणि वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात एका गोदामाने पेट घेतला. पाठोपाठ झालेल्या स्फोटांनी कित्येक मैलांचा परिसर हादरला. आसपासच्या खेड्यांतील माणसे पोराबाळांना घेऊन अंधारात घराबाहेर पडली. या आगीत एकोणीस जणांचा बळी गेला. त्यांत दोन अधिकारी होते. परंतु मृतांमध्ये सर्वांत मोठी संख्या होती ती अग्निशमन दलाच्या कर्मचाऱ्यांची. युद्ध नव्हते, शत्रू नव्हता, सीमा तर शेकडो कोस दूर होती. देशातील सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडाराच्या आत, आपल्याच सुरुंगांनी आपल्याच माणसांचा घास घेतला.

त्या गोदामात काय होते? रणगाडाविरोधी सुरुंग होते आणि ते सदोष होते. त्यांतील स्फोटक द्रव्य बाहेर पाझरत असल्याचे लष्कराला ठाऊक होते, म्हणूनच ते इतर मालापासून वेगळे काढून ठेवण्यात आले होते. पुढे लष्कराकडून सांगण्यात आले की दोष आयुध कारखान्यातील उत्पादनाचा आहे. कारखान्यांच्या बाजूने साठवणुकीतील उणिवांकडे बोट दाखवण्यात आले. या वादात कोणाचे किती खरे, हा तज्ज्ञांचा प्रश्न आहे. परंतु एक गोष्ट समजायला तज्ज्ञ लागत नाही. धोकादायक ठरलेला माल दुरुस्त करायचा की नष्ट करायचा, आणि तो कोणाच्या खर्चाने, याचा पत्रव्यवहार दोन खात्यांत चालू राहिला आणि माल गोदामातच राहिला. पत्रव्यवहाराला घाई नव्हती. टीएनटीलाही नव्हती, ते आपल्या गतीने पाझरत होते.

अशा घटनेनंतर सरकारी गोटातून एक ठरावीक उत्तर येते. सैन्य म्हणजे कापड गिरणी नव्हे. तेथे जोखीम असणारच. सुरक्षिततेचे फार स्तोम माजवले तर युद्धसज्जता ढिली पडेल. हा युक्तिवाद वरवर मर्दानी वाटतो, म्हणून तो खपतो. तो तपासून पाहिला पाहिजे, कारण त्याच्या आड गेली पंचवीस वर्षे पुष्कळ काही लपवले गेले आहे.

एप्रिल २००० मध्ये राजस्थानातील भरतपूरच्या दारूगोळा भांडाराला आग लागली. साडेतीनशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचा दारूगोळा भस्मसात झाला. आग पसरली कशामुळे? वाळलेल्या गवतामुळे. भांडाराच्या आवारातील गवत कापण्याचा खर्च काटकसरीच्या नावाखाली वाचवण्यात आला होता. गवत कापण्याची मजुरी ती काय असणार! आमच्या खेड्यांतील कोणताही शेतकरी कडब्याच्या गंजीभोवतीचे तण चैत्राआधी काढून टाकतो. त्याला त्यासाठी लेखापरीक्षकाच्या शेऱ्याची गरज भासत नाही. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, पठाणकोट आणि सुरतगड परिसरातील भांडारांना आगी लागल्या. ऑगस्ट २००७ मध्ये काश्मीरमधील खुंद्रू येथील भांडारात स्फोट होऊन अनेकांचे प्राण गेले. प्रत्येक वेळी चौकशी झाली आणि प्रत्येक वेळी अहवाल झाला. मग पुलगाव.

आता सज्जतेचा हिशेब पाहू. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालानुसार मार्च २०१३ मध्ये दारूगोळ्याच्या १७० प्रकारांपैकी १२५ प्रकारांचा साठा वीस दिवसांच्या युद्धालाही पुरणारा नव्हता; निम्म्या प्रकारांचा तर दहा दिवसांनाही नव्हता. दोन वर्षांनंतरच्या पाहणीतही चित्र फारसे पालटलेले नव्हते, आणि भांडारांतील अग्निशमन कर्मचाऱ्यांची कमतरता कायम असल्याची नोंद तीत होती. म्हणजे एकीकडे लढायला लागणारा माल नाही आणि दुसरीकडे लढायला निरुपयोगी ठरलेला, केवळ जीवघेणा माल गोदामे अडवून बसला आहे. त्यावर पहारा करायला आणि पेटल्यास विझवायला माणसेही पुरेशी नाहीत. सज्जतेसाठी सुरक्षितता सोडली असे जे सांगितले जाते त्याला येथे आधार कुठे आहे? येथे दोन्ही एकाच वेळी, एकाच कारणाने गेल्या. जी व्यवस्था गवत कापायला पैसे देत नाही तीच तोफगोळेही वेळेवर पुरवत नाही.

मुंबईच्या नौदल गोदीत १४ ऑगस्ट २०१३ रोजी मध्यरात्रीनंतर 'सिंधुरक्षक' ही पाणबुडी स्फोटांनी फुटून जागच्या जागी बुडाली. तीन अधिकारी आणि पंधरा नौसैनिक आतच अडकले व मृत्यू पावले. रशियातून मोठी दुरुस्ती होऊन ती त्याच वर्षी परतली होती. याच पाणबुडीवर फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणम येथे बॅटरीच्या कप्प्यातील हायड्रोजन वायूचा स्फोट होऊन एका नौसैनिकाचा जीव गेला होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. २०१३ च्या दुर्घटनेच्या चौकशीतून जे पुढे आले त्यात आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक साधी, अगदी घरगुती म्हणावी अशी बाब: माणसे थकलेली होती. पाणबुडीला मोहिमेवर धाडायचे होते, शस्त्रे चढवायची होती आणि वेळापत्रक वरून आलेले होते. गिरणीतल्या तिसऱ्या पाळीत काम केलेल्या कोणालाही विचारा, पहाटे दोनच्या सुमारास हात कसे चालतात ते. गणवेश घातल्याने माणसाची झोप कमी होत नाही.

त्यानंतर सहा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०१४ रोजी, मुंबईजवळच्या समुद्रात 'सिंधुरत्न' पाणबुडीत आग लागून दोन अधिकारी मृत्युमुखी पडले. नौदलप्रमुख अॅडमिरल देवेंद्रकुमार जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून त्याच दिवशी राजीनामा दिला आणि सरकारने तो त्याच दिवशी मंजूर केला. जोशी यांच्या वर्तनाची प्रशंसा झाली, आणि ती योग्यच होती. परंतु राजीनाम्याने प्रश्न नौदलप्रमुखाच्या खुर्चीपाशी आणून तेथेच संपवला. दुरुस्तीला विलंब का होतो, नव्या पाणबुड्या का रखडतात, पैसा कोणत्या टेबलावर अडतो, हे प्रश्न मंत्रालयाच्या दालनांत होते आणि त्या दालनांतून कोणी बाहेर पडले नाही.

महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालातील एक निष्कर्ष वाचून आम्ही थक्क झालो होतो. २००७-०८ ते २०१५-१६ या काळात नौदलाच्या जहाजांना व पाणबुड्यांना ३८ अपघात झाले, त्यांत ३३ जणांनी प्राण गमावले. आणि स्थापनेपासून नौदलाकडे सुरक्षिततेच्या प्रश्नासाठी कोणतीही संस्थात्मक चौकट नव्हती. २०१४ मध्ये एक सुरक्षा संघटना नौदलाने आपल्यापुरती उभी केली, तर अहवाल लिहिला जाईपर्यंत तिला सरकारी मंजुरी मिळालेली नव्हती. मुंबईच्या गोदीतील घटनांची मालिकाही पुढे चालूच राहिली. डिसेंबर २०१६ मध्ये 'बेतवा' युद्धनौका गोदीत कलंडून दोन नौसैनिक गेले. जानेवारी २०२२ मध्ये 'रणवीर'वरील स्फोटात तिघे. जुलै २०२४ मध्ये 'ब्रह्मपुत्र'ला आग लागून एक.

येथे कायद्याची बाजू सांगणे आवश्यक आहे, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने सशस्त्र दलांची फिरती पथके 'कारखाना' या व्याख्येतून वगळली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनेही युद्धनौका आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. युद्धाच्या धुमश्चक्रीत कारखाना निरीक्षक तपासणीला यावा असे कोणी म्हणणार नाही. पण किनाऱ्याला दोर बांधून दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या नौकेवर वितळजोड करणाऱ्या माणसाला कोणते युद्ध लढायचे असते? नागरी कायद्याने बाहेर ठेवले, तर लष्कराच्या आत तेवढीच कडक आणि अधिकाऱ्यांच्या हुकमतीपासून स्वतंत्र अशी यंत्रणा असायला हवी. तशी नसेल, तर सूट म्हणजे केवळ बेवारसपणा ठरतो.

याच ठिकाणी वर्तणुकीचा प्रश्न सुरक्षिततेच्या प्रश्नाला येऊन मिळतो. ज्या तुकडीत कनिष्ठाला तोंड उघडता येत नाही तेथे गळणारा सुरुंग, उतू जाणारा वायू किंवा तापलेली तार प्रथम पाहणारा माणूस गप्प राहतो. आणि हा पहिला पाहणारा बहुतेक वेळा सर्वांत खालच्या दर्जाचा असतो. १९५० च्या सैन्य कायद्याकडे पाहा. कलम ४० नुसार वरिष्ठावर हात उगारणाऱ्याला, तो वरिष्ठ कर्तव्यावर असल्यास, चौदा वर्षांपर्यंत कारावास. कलम ४७ नुसार कनिष्ठाला मारहाण वा दुर्व्यवहार करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत. तराजूची ही दांडी कोणत्या काळात घडवली गेली हे सांगायला नको. संघटना करण्याचा हक्क संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदाखाली मर्यादित आहे. उरतो तो तक्रारीचा मार्ग, आणि तो ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच दारावरून जातो.

ब्रिटिश आमदानीत या दांडीचे फळ मुंबईने पाहिले आहे. 'तलवार' या नौदलाच्या संदेशप्रशिक्षण केंद्रावर निकृष्ट अन्न आणि कमांडर किंग याची वांशिक शिवीगाळ यांविरुद्ध नौसैनिकांच्या तक्रारी वर गेल्या होत्या. त्यांची उलट टर उडवली गेली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांनी न्याहारी नाकारली. दोन दिवसांत बंड अठ्ठ्याहत्तर जहाजांवर आणि वीस हजार नौसैनिकांपर्यंत पोचले. २२ फेब्रुवारीला मुंबईचा कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर उतरला आणि परळला गोळीबारात कमल दोंदे पडल्या. त्या नौसैनिकांच्या मागण्यांत इंडोनेशियातून भारतीय फौजा परत बोलावण्याची मागणी होती, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांच्या सुटकेची होती, आणि त्याच यादीत नीट शिजलेल्या जेवणाचीही होती. इतिहासकार पहिल्या दोहोंवर भर देतात. आम्हांला तिसरीही तितकीच राजकीय वाटते.

जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने करपलेली पोळी आणि पाणचट डाळ यांची चित्रफीत देशाला दाखवली. एप्रिलमध्ये तो बडतर्फ झाला. मार्च २०१७ मध्ये देवळाली छावणीत एका जवानाचा मृतदेह सापडला. अधिकाऱ्यांच्या घरी सहायकाला काय काय कामे करावी लागतात याविषयीचे त्याचे बोलणे काही दिवसांपूर्वीच एका छुप्या चित्रीकरणातून बाहेर आले होते. सहायक पद्धत रद्द करावी अशी शिफारस संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २००८ मध्येच केली होती. नौदल आणि वायुदल सहायकांवाचून चालतात आणि त्यांचे काही अडत नाही. जो सैनिक दिवसाचे काही तास कुत्रा फिरवण्यात आणि भाजी आणण्यात घालवतो, त्याच्याकडून युद्धसज्जतेच्या अपेक्षा कोणत्या तोंडाने करायच्या? आणि ज्याने साहेबांच्या घरात मान खाली घालायला शिकून घेतले, तो गोदामात 'साहेब, हे काम थांबवा' असे म्हणेल, ही आशा कशाच्या बळावर धरायची?

कोणतेही काम धोकादायक दिसताच ते थांबवण्याचा हक्क शेवटच्या खलाशाला, शेवटच्या अग्निशामकाला असला पाहिजे, आणि तो वापरल्याबद्दल त्याच्यावर शिस्तभंगाचा बडगा येता कामा नये. शांतताकाळातील अपघातांचे चौकशी अहवाल, शस्त्रांचे तांत्रिक तपशील वगळून, संसदेपुढे आणि मृतांच्या कुटुंबांपुढे ठेवले गेले पाहिजेत. यात शत्रूला कळण्यासारखे गुपित कोणते आहे? गवत कापले नव्हते, हे?

आणि गणवेशाबाहेरची माणसे? २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावच्याच भांडाराच्या दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर, नष्ट करण्यासाठी आणलेला माल उतरवताना स्फोट झाला. सहा जण ठार झाले, अनेक जखमी झाले. बहुतेक जण आसपासच्या गावांतील, ठेकेदाराने रोजंदारीवर आणलेले मजूर होते. जून २०१९ मध्ये माझगाव गोदीत बांधणी चालू असलेल्या 'विशाखापट्टणम' युद्धनौकेच्या आगीत जो एक जण गुदमरून मेला तोही कंत्राटी कामगारच. लष्करी शिस्त त्यांना लागू नसते, म्हणून लष्करी प्रशिक्षणही मिळत नाही; जवानाच्या शवपेटीवर तिरंगा असतो, यांच्या नावावर पंचनामा. त्या मैदानावर नोव्हेंबरच्या सकाळी जी खोकी हातोहात उतरवली जात होती, त्यांत काय आहे हे त्या हातांना कोणी सांगितले होते का, याचे उत्तर वर्धा जिल्ह्यातील त्या कुटुंबांना आजही मागता आले पाहिजे.